तांदळाखालचे हात

माझ्या भाचीचं नाव मी ठेवलं. तो मान आत्याचा असतो, आणि एकदा घेतलेला मान कुणाला परत मागता येत नाही. जुईच्या बाबतीत बाकी जे जे आपलं आहे असं मी त्या वयात धरून चालले होते, ते सगळं पुढे एकेक करून सुटलं. नाव तेवढं राहिलं. आजही ती कुठे सही करत असेल तेव्हा माझं काहीतरी त्या कागदावर उमटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते. म्हातारपणी माणसाला समजुती फार लागतात.

बारसं जॉन्सनव्हिलच्या त्या उतारावरच्या घरात झालं. घर दादानं भाड्यानं घेतलेलं, लाकडी, खाली गॅरेज आणि वर आम्ही. मी वेलिंग्टनला डिप्लोमा करायला म्हणून आले होते आणि दादा-वहिनीकडे राहत होते. वारा सुटला की त्या घराच्या सगळ्या खिडक्या एकदम बोलायला लागायच्या, आणि तिथे वारा सुटलेला नसेल असा दिवस मला आठवत नाही. पाळणा कुणाकडून तरी मागून आणलेला होता. त्याला दादानं फुगे बांधले होते, कारण झेंडू मिळाला नाही. आसपासच्या चार मराठी घरांतल्या बायका साड्या नेसून, वर जॅकेटं घालून आल्या होत्या. मी पाळण्यात वाकले, जुईच्या कानात तिचं नाव सांगितलं, कुर्र केलं, आणि रीतीप्रमाणे सगळ्याजणी माझ्या पाठीवर तुटून पडल्या. आत्याला धपाटे घालायची ती एकच संधी असते, ती कोण सोडतं! मी हसत, ओरडत मान वर केली तेव्हा वहिनी दिसली. हिरव्या साडीत, केसांत गजरा, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले. खरं तर पहिला धपाटा तिचा. तिनं हात उचलला नाही. "दमलीय पोर," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या पेढ्यांकडे वळल्या.

वहिनीची आई बाळंतपणाला पुण्याहून आली होती. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. काकूंच्या दोन बॅगांपैकी एक नुसती डिंक, खारीक, अळीव आणि बाळंतशेपा यांनी भरलेली होती. विमानतळावर त्यांनी त्यातली प्रत्येक पुडी उघडून दाखवली होती आणि एवढं सगळं बाळंतिणीनं खायचं असतं हे त्या अधिकाऱ्याला मराठीतून पटवलं होतं. मग घराला सतत तुपात तळलेल्या डिंकाचा वास येत राहिला. वहिनी सकाळी लाडू खायची, दुपारी खीर प्यायची, समोर ठेवलेलं सगळं निमूट संपवायची. बाळाच्या बाटल्या उकळायची, दूध नीट मापात कालवून टेबलावर ठेवायची, इवले कपडे कडेला कड जुळवून घड्या घालायची. फक्त बाळाला घ्यायची नाही. जुई रडायला लागली की ती खोलीच्या दारापर्यंत यायची, चौकटीला धरून उभी राहायची आणि मला हाक मारायची.

काकूंनी यावर एकच निदान केलं, दृष्ट. मोहरी, मीठ आणि लाल मिरच्या मायलेकींवरून ओवाळून त्यांनी तापलेल्या तव्यावर टाकल्या. क्षणात घरभर खकाणा उठला आणि छतावरचा धुराचा अलार्म असा किंचाळला की जुई दचकून निळी-जांभळी झाली. शेजारचा ब्रायन, सत्तरी ओलांडलेला, चड्डी आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपलांमध्ये, हातात ओला टॉवेल घेऊन धावत आला. "ऑल गुड?" खोकत खोकत मी त्याला सांगितलं की, बाळाला कुणीतरी वाईट नजरेनं पाहिलंय, त्याचं औषध चाललंय. त्यानं तव्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, "स्वीट ॲज," म्हणजे छानच, असं म्हणाला आणि सगळ्या खिडक्या उघडून देऊन परत गेला. "बघ, किती मिरच्या टाकल्या तरी मला ठसका नाही, म्हणजे केवढी दृष्ट होती!" काकू मला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवशी आम्ही सगळे फार हसलो. वहिनीसुद्धा हसली, आणि ती हसली म्हणून आम्ही सगळं ठीक आहे असं धरलं.

काकूंचा व्हिसा संपला आणि त्या गेल्या. दादाचं ऑफिस होतं. माझे वर्ग बहुतेक दुपारनंतर असायचे, तोवर दादा घरी येऊन उरलेलं काम टेबलावर मांडून बसायचा आणि मी ट्रेनकडे पळायची. म्हणजे सकाळपासून जुई माझ्याकडे. मी विशीतली, घरात शेंडेफळ, बाळ कसं धरतात ते मला माहीत नव्हतं. पण पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, तसं झालं. थोड्याच दिवसांत तिचं डोकं माझ्या गळ्याच्या एका ठरावीक खळग्यात बसायला लागलं. कॉलेजातल्या मैत्रिणी समुद्रावर जायच्या, तेव्हा माझ्या खांद्यावर दुधाचा डाग आणि खिशात लाळेरं असायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट, खरं सांगायचं तर मला फार आवडायचं.

बाळाला तपासायला घरी एक नर्स यायची. तिचं नाव हिने. ती माओरी होती, दारातूनच "किया ओरा" म्हणायची आणि न सांगता बूट बाहेर काढायची, म्हणून काकूंच्या मनात ती पहिल्याच दिवशी बसली होती. जुई बसायला लागली तेव्हा हिने मला म्हणाली की खेळणी विकत आणू नका, तिला वस्तू हाताळू दे. ओलं, कोरडं, गार, कोमट, खरखरीत, बुळबुळीत, हीप्स ऑफ थिंग्ज. घर खराब होईल, होऊ दे.

पुढे माझं सगळं आयुष्य लहान मुलांत गेलं. या गोष्टीला सेन्सरी प्ले म्हणतात हे मी नंतर शिकले आणि मग कित्येक वर्षं दुसऱ्यांना शिकवलं. पण माझी खरी शाळा ते जॉन्सनव्हिलचं कार्पेट. बर्फाच्या साच्यात मी बागेतली पानं घालून पाणी गोठवायची आणि ते खडे जुईच्या पुढ्यातल्या ताटात सोडायची. ती ते पकडायला जायची, ते निसटायचे, आणि तिला राग यायचा. स्टीलच्या दोन वाट्यांत एकीत कोमट आणि एकीत गार पाणी ठेवलं की ती आळीपाळीनं दोन्हीत हात घालून माझ्याकडे फसवणूक झाल्यासारखं बघायची. वेलदोडा हुंगवला की हसायची. हिंगाची डबी उघडली की सगळं अंग शहारायची आणि पुन्हा तीच डबी मागायची. पोरिरुआजवळच्या समुद्रावरून मी पिशवीभर वाळू आणली होती, ती तिनं खाल्ली. कणकेचा गोळा तिला तासभर पुरायचा. चिमणी करून दिली की ती आधी तिचं डोकं चेपायची. खेळून झालेली ती कणीक टाकवायची नाही म्हणून मी तिची पोळी लाटायची आणि स्वतः खायची. पोळी कसली, करड्या रंगाचं काहीतरी, पण खायची.

कारण अन्नाशी खेळायचं नाही, हे हाडात मुरलेलं. हिनेला मी एकदा तांदळाबद्दल विचारलं. बाकीच्या आया टबात तांदूळ घालून मुलांना खेळवतात म्हणे. ती जरा अवघडली. "आमच्याकडे काईशी खेळत नाहीत," ती म्हणाली. काई म्हणजे अन्न. "आमच्यातही नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. विषय तिथेच संपला असता, पण गॅरेजमधल्या ओलीनं मधेच घोळ घातला. इंडियन दुकानातून आणलेलं तांदळाचं मोठं पोतं दादा तिथे ठेवून विसरला होता. उघडलं तर सोंड्यांनी भरलेलं. वहिनी ते कचऱ्यात टाकायला निघाली. मी अडवलं. उन्हात पसरलं, चाळलं, पिशव्या भरून फ्रीजरमध्ये घातलं, पुन्हा चाळलं आणि जाहीर केलं की हा तांदूळ अन्नातून उठला. तरी मन खात होतं. मग मी एक नियम केला. टबात हात घालायच्या आधी तांदळाला नमस्कार करायचा, माफ कर म्हणायचं. जुईला हात जोडता यायचे नाहीत. ती दोन्ही मुठी एकमेकींवर आपटायची आणि त्या कपाळावर मारून घ्यायची. मग आत झेप.

तांदळात आमचा एकच खेळ असायचा. मी माझा हात तळाशी पुरायची आणि विचारायची, "आत्याचा हात कुठे गेला?" ती उकरायची. एक बोट सापडलं की थांबायची, ते बोट मुठीत धरायची, माझ्याकडे बघायची आणि ओरडायची, "आत्या!" तिचा पहिला शब्द हाच. दादाला वाईट वाटू नये म्हणून मी बरेच दिवस त्याला सांगितलं की ती "आता" म्हणते. वहिनीला असं काही सांगायची वेळ आली नाही. ती आम्ही खेळायला बसलो की खोलीत जायची.

मग ती जायची थांबली. आधी सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसायला लागली, काही आठवड्यांनी थोडी अलीकडे. हातात चहाचा कप, तो गार झालेला. मी तिच्याकडे बघायची नाही. घरात चिमणी शिरली की आपण हालचाल बंद करतो, तसं काहीसं. एकदाच तिनं मला विचारलं होतं, "केतकी, तुला भीती नाही वाटत? तिला काही होईल याची?" मी म्हटलं, "होतं काय? फार तर तांदूळ गिळेल." "माझ्या हातांचा भरवसा नाही गं," असंही ती मागे म्हणाली होती, आणि बाळंतपणानं अशक्तपणा आलाय असा मी त्याचा अर्थ लावून तिला एक लाडू दिला होता. आमच्या घरात तेव्हा प्रत्येक गोष्टीचं उत्तर लाडू होतं.

ती दुपार दक्षिणेच्या वाऱ्याची होती. तिकडे दक्षिणेकडून येतो तो वारा बर्फावरून येतो. खिडक्यांच्या काचा थडथडत होत्या आणि हीट पंपची घरघर चालू होती. मी आईची जुनी सुती साडी कार्पेटवर अंथरून मधोमध टब ठेवला होता. जुई दीडेक वर्षाची असेल. माझा हात तळाशी होता आणि गॅसवर दूध होतं. दुधाची मला खरोखरच आठवण झाली, हे मला इथे लिहिलंच पाहिजे, कारण नंतर दादा सगळ्यांना सांगायचा की केतकीनं युक्ती केली. मी युक्ती केली नव्हती.

"वहिनी, दूध उतू जाईल. जरा इथे हात ठेव ना. मी उठले तर ही भोकाड पसरेल."

"मी नको."

"अगं, नुसता ठेवायचा. हलवायचासुद्धा नाही."

"नको, केतकी."

"दिसणारसुद्धा नाही गं तुझा हात. तांदळाखाली तर आहे."

ती सोफ्यावरून खाली घसरली. स्वेटरची बाही वर केली, आणि गार पाण्यात घालावा तसा हळूहळू हात आत घातला, मनगटापर्यंत. मी माझा काढून घेतला आणि उठले. स्वयंपाकाचा ओटा बैठकीलाच लागून होता, तिथून सगळं दिसायचं. जुईनं उकरायला सुरुवात केली. एक बोट लागलं. ती ओरडणार म्हणून मी वाट पाहिली, पण त्या बोटात अंगठी होती. जुई थांबली. तिनं अंगठी फिरवून पाहिली, मग हातावरून वर, बाहीवरून वर नजर नेत वहिनीच्या चेहऱ्यापर्यंत आली आणि तिथे थबकली. वहिनी श्वास घेत नव्हती. मग जुईनं दोन्ही मुठींनी तांदूळ उचलला आणि तो त्या हातावर घातला. पुन्हा उचलला, पुन्हा घातला. हात पुरता झाकला गेल्यावर वरून थोपटलं आणि म्हणाली, "गाई." म्हणजे झोप.

मागे दूध वर आलं, उतू गेलं, गॅस विझला. जळक्या दुधाचा वास सुटला. मी जागची हलले नाही. वहिनीचे खांदे हलत होते, आवाज मात्र येत नव्हता, आणि तांदळातला हात तिनं जिथे थोपटला गेला होता तिथेच ठेवला होता.

त्या दिवशी जुई झोपल्यावर वहिनी माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली. "तिला अंघोळ घालायला घेतलं की मला दिसायचं, हेच हात तिला पाण्याखाली धरतायत. भाजी चिरायला घेतली की दिसायचं… जाऊ दे. मला तसं करायचं नव्हतं गं. शप्पथ. म्हणून मी लांब राहिले. ती वाचावी म्हणून." एवढे महिने आम्ही सगळे तिला थंड समजत होतो, आणि ती त्या चौकटीला धरून उभी राहायची ती बाळावर पहारा द्यायला, स्वतःपासून. काकूंना फोन करू का, असं मी विचारलं. "नको. आई पुन्हा मिरच्या जाळेल," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. दुसऱ्या दिवशी हिने आली. वहिनीनं स्वतः तोंडानं तिला सगळं सांगितलं. बाळंतपणानंतर असं पुष्कळजणींना होतं, असे विचार येणं म्हणजे तसं करणं नव्हे, याला डॉक्टर असतात, औषध असतं, असं हिने तिला सांगत होती आणि तिचा हात धरून बसली होती. नाव असलेला आजार आहे हे कळल्यावरच वहिनीच्या चेहऱ्यावरचं निम्मं ओझं उतरलं.

बरं व्हायला वेळ लागला. काही दिवस चांगले जायचे, काही पुन्हा दारातच अडकायचे. पण टबात आता तीन हात असायचे. वहिनी आधी तांदळाखालीच जुईला हात लावायची, मग तांदळावर, मग एके दिवशी तिनं जुईच्या बोटांत अडकलेले दाणे एकेक करून झटकले, आणि नंतर एकदा मी कॉलेजातून घरी आले तर अंघोळीच्या खोलीतून पाण्याचा आणि दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी जिन्यातच बसले. मला इतका आनंद झाला होता की बूट काढायचं सुचलं नाही. आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी टोचत होतं, त्याचंही नाव मला तेव्हा माहीत नव्हतं.

जुई तीन वर्षांची व्हायच्या सुमाराला दादाला ख्राइस्टचर्चला काम मिळालं. भूकंपानंतर तिथे सगळं शहरच नव्यानं उभं राहत होतं आणि दादा बांधकामातला इंजिनिअर. मीही जाणार हे मी धरूनच चालले होते. माझा डिप्लोमा संपला होता, काम काय, तिकडेही मिळालं असतं. मी खेळाचं सामानसुद्धा खोक्यात भरलं होतं. तांदळाचा टब सगळ्यात वर.

वहिनी कणीक मळत होती. माझ्याकडे पाठ होती. "केतकी, तू येऊ नकोस," ती म्हणाली.

मला वाटलं थट्टा आहे. "मग सामान कोण लावणार? दादा?"

"मी बोलतेय ते ऐक. परवा ती पायरीवरून पडली. मी तिच्या शेजारी उभी होते. ती मला ओलांडून तुझ्याकडे पळाली."

"लहान आहे ती, वहिनी."

"म्हणूनच आता. अजून लहान आहे तोवर." तिचे हात परातीत थांबले. "तू असलीस की ती माझ्याकडे येणार नाही. आणि मीही जाणार नाही. मलापण सवय झालीय, तुला हाक मारायची. मला एकदा एकटीनं तिची आई होऊन बघू दे."

"किती दिवस?"

"मला नाही माहीत गं." ती वळली. हात कणकेनं भरलेले, डोळे पुसता येत नव्हते. "तुझे उपकार मी…"

"पुरे," मी म्हटलं.

मी गॅरेजमध्ये जाऊन बसले. गरज सरो नि वैद्य मरो, असं मनात शंभरदा म्हणून झालं. तिचं म्हणणं चूक असतं तर मी भांडले असते. मी भांडणात कुणाला हार जात नाही. पण ते चूक नव्हतं. रोज माझ्या कडेवरची मुलगी तिच्याकडे द्यायला मीच तर निघाले होते, मग ती तिनं खरोखर घेतली तेव्हा एवढं कशानं तुटलं? तुटलं एवढं खरं. ती दोघं तिला घेऊन गेली त्या सकाळी जुई गाडीत मागच्या सीटवर बांधलेली होती. मी मागून येतेय असं तिला वाटत होतं, म्हणून ती रडली नाही. तिनं मला टाटासुद्धा केला नाही. दादाची गाडी वळली आणि मी वर येऊन रिकाम्या घराचं कार्पेट व्हॅक्यूम केलं. नळीतून तांदळाचे दाणे टपटपत आत जात होते. कितीही फिरवलं तरी ते येतच राहिले.

मग मी पोरिरुआला एका बालवाडीत लागले आणि काम करता करता शिकले. दुसऱ्यांच्या मुलांचे हात बर्फात, वाळूत, चिखलात घालायला लागले. फोनवर जुई दिसायची. पहिले काही महिने मी दिसले की वहिनीच्या हातातून फोन ओढायची आणि मला स्क्रीनच्या मागे शोधायची. नंतर शोधायची थांबली. नंतर "हाय आत्या" म्हणून पळून जायची. दादा अधूनमधून कामासाठी वेलिंग्टनला यायचा, तेव्हा मला म्हणायचा, "तू ये आता. अश्विनीच म्हणतेय." अश्विनी म्हणजे वहिनी. मला तिकडे जायचा धीर होत नव्हता. तिला मी आठवत नसेन तर काय, एवढाच एक प्रश्न होता, आणि लांब राहिलं की त्याचं उत्तर मिळत नव्हतं.

शेवटी गेले. जुई शाळेत जायला लागली होती. ख्राइस्टचर्च सपाट, रस्ते सरळ, अधूनमधून मोकळे प्लॉट, दादाचं घर नवं कोरं, रंगाचा वास येणारं. दार तिनंच उघडलं. समोरचे दोन दात पडलेले, शाळेचा गणवेश, पाय अनवाणी. मी खाली बसले. तिनं मला नीट निरखलं.

"आय नो यू," ती म्हणाली. "यू आर आत्या फ्रॉम द फोन."

"हो, मीच ती," मी म्हटलं.

वहिनी भरली होती, चेहऱ्यावर तजेला आला होता, आणि जुई घरभर तिच्या मागे मागे होती. पाणी सांडलं, आई. बटण लागत नाही, आई. मी ते पाहिलं आणि खरंच सांगते, मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं आणि खूप वाईट वाटलं, यातलं एकही दुसऱ्यापेक्षा कमी नव्हतं. वहिनीनं माझ्या आवडीची डाळिंबी उसळ केली होती. जेवण झाल्यावर जुई माझ्याजवळ आली. पाहुण्यांशी कसं वागायचं ते तिला चांगलं शिकवलेलं दिसत होतं. "वाँट टू सी माय रूम?"

पलंगाखालून तिनं तो टब ओढून काढला. कपडे ठेवायचा तोच पारदर्शक टब, एका कोपऱ्याला गेलेला तडा ओळखीचा. तांदूळ जुना होऊन पिवळसर झाला होता. मी सवयीनं हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"नो, नो. फर्स्ट नमस्कार. अदरवाइज द राइस गेट्स सॅड." आणि तिनं दोन्ही मुठी एकमेकींवर आपटून कपाळावर मारल्या. आता तिला हात जोडता येत असणार, पण तांदळाला नमस्कार असाच करायचा असतो असं तिला वाटत होतं.

"कुणी शिकवलं गं तुला हे?" मी विचारलं.

"आई मेड इट अप. व्हेन आय वॉज अ बेबी."

वहिनी दारात उभी होती. तिच्या हातात घडी घातलेले टॉवेल होते. तिचा चेहरा पार उतरला. "नाही जुई, ते आई नव्हे, बाळा, ते तर…"

मी मान हलवली. वहिनी थांबली. काय गंमत आहे, ती पुन्हा तशीच दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि यावेळी तिनं मला हाक मारली नाही.

"तुझी आई हुशारच आहे," मी जुईला म्हटलं.

"आय नो," ती म्हणाली.

वहिनी आत आली. टॉवेल पलंगावर ठेवले, माझ्या मागे येऊन गुडघ्यांवर बसली आणि माझ्या पाठीत हलकेच एक धपाटा घातला. "बारशाचा राहिला होता," ती म्हणाली. हात तिनं तसाच माझ्या पाठीवर राहू दिला.

जुईचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती माझ्यासाठी तांदळात खड्डा करत होती. "पुट युअर हँड हिअर. आय विल फाइंड इट." मी नमस्कार केला आणि हात तळाशी ठेवला. आता माझ्या बोटांचे सांधे सुजतात, थंडीत मूठ वळत नाही, पण त्या तांदळाचा गारवा त्यांना अजून नेमका आठवतो. तिनं माझ्या हातावर तांदूळ ओढला, सगळीकडून सारखा केला, वरून थोपटलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती जवळ सरकली आणि मला धीर देत म्हणाली, "डोंट वरी, आत्या. युअर हँड इज न्यू. आय विल गो स्लो."

"बरं," मी म्हटलं, आणि हात अजिबात हलवला नाही.